‘तुमच्याकडे हे कसं केलंत?’

2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत देशभरातल्या कंपनी सेक्रेटरींपुढे एकच पेच उभा राहिला. कंपनी कायद्याच्या 96 व्या कलमाप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा निदान त्याच शहरात, सकाळी 9 ते संध्याकाळी 6 या वेळेत घ्यावी लागते. आणि टाळेबंदीत माणसांनी एकत्र येण्यालाच मनाई होती. कंपनी व्यवहार मंत्रालयाने 8 आणि 13 एप्रिलच्या परिपत्रकांनी विशेष सभांना आणि 5 मेच्या परिपत्रकाने वार्षिक सभांना व्हिडिओ कॉन्फरन्सची मुभा दिली. ई-मतदानाची सोय द्यावी लागणाऱ्या कंपन्यांनी किमान 1,000 सभासदांना सामावून घ्यावं, सभेच्या 15 मिनिटं आधी प्रवेश खुला करावा, अशा अटीही घातल्या.

पण सभा काही परिपत्रकातल्या अटींनी पार पडत नाही. अध्यक्षांनी नाव पुकारलं आणि नेमकी त्या भागधारकाची जोडणी तुटली, तर थांबायचं की पुढच्याला बोलवायचं? त्याला नंतर पुन्हा संधी द्यायची का, आणि दिली नाही तर इतिवृत्तात काय लिहायचं? बोलणाऱ्यांची नावं आधी नोंदवून घ्यायची ठरवली, तर ऐन वेळी प्रश्न विचारू पाहणाऱ्याचं काय? अध्यक्षांच्याच घरची वीज गेली तर खुर्ची कोण सांभाळणार, हे सभेआधी ठरवून ठेवायचं की नाही? यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं छापील स्वरूपात कुठेच नव्हती. ज्यांच्या सभा जूनमध्ये झाल्या त्यांनी ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सभा असलेल्यांना सांगितली. संध्याकाळी उशिरा फोन व्हायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा: तुमच्याकडे हे कसं केलंत?

हे पुस्तक या प्रश्नाविषयी आहे. कंपनीचा कारभार कायद्याने चालतो असं आपण सहज म्हणतो, पण कायदा फक्त चौकट देतो. त्या चौकटीत रोजचं काम कसं करायचं याचे प्रघात हे काम करणारी माणसं एकमेकांना विचारून पाडत जातात. नवं संकट येतं तेव्हा तर कायदा बराच मागे असतो, सल्लागार वकिलांनीही तसं प्रकरण पाहिलेलं नसतं, आणि थोडाफार अनुभव असतो तो दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीत तुमच्याच खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे. ही शिकण्याची रीत आजवर अनौपचारिक, बिनबोभाट आणि बहुतांशी अदृश्य राहिली. ती नीट पाहावी, तिची ताकद आणि तिचे धोके दोन्ही समजून घ्यावेत, एवढ्यासाठी हा संग्रह.

नवख्या वाचकासाठी आधी ही माणसं कोण ते सांगायला हवं. कंपनी सेक्रेटरी हा त्यांतला मध्यवर्ती. त्याच्याभोवती अनुपालन अधिकारी, कंपनीचे विधी प्रमुख, स्वतंत्र संचालक, सचिवीय लेखापरीक्षण करणारे व्यावसायिक. या सगळ्यांच्या कामात एक विलक्षण एकटेपण असतं. लेखा विभागात दहा-वीस माणसं असतात, उत्पादनात शेकडो. सेक्रेटरी बहुधा एकच. 10 कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या खाजगी कंपनीलाही आता पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवावा लागतो. त्यामुळे चाकण, सातपूर, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी कारखान्यांत तिशीच्या आतली मुलगी किंवा मुलगा हे पद एकट्याने सांभाळतो. प्रवर्तक कुटुंबातले तिघे संचालक समोर बसलेले असतात आणि ‘हा ठराव असा करता येणार नाही’ हे सांगण्याची जबाबदारी त्याची असते. त्या क्षणी त्याला कायद्याचं कलम पाठ असतंच. हवा असतो तो कुणीतरी सीनियर, ज्याने हे वाक्य याआधी उच्चारलं आहे आणि त्यानंतर काय घडतं ते पाहिलं आहे.

या पदाची प्रतिष्ठाही अशीच सावकाश घडली. 1887 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने एका ट्रामवे कंपनीच्या खटल्यात सेक्रेटरीला निव्वळ नोकर ठरवलं होतं. कंपनीच्या वतीने काही सांगण्याचा अधिकार त्याला नाही, असा त्या निकालाचा रोख. 1971 मध्ये पॅनोरामा डेव्हलपमेंट्सच्या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायासनाने हे मत मागे टाकलं. प्रकरण होतं एका सेक्रेटरीने कंपनीच्या नावावर भाड्याने घेतलेल्या आणि स्वतःसाठी वापरलेल्या आलिशान मोटारींचं. सेक्रेटरी हा कंपनीचा मुख्य प्रशासकीय अधिकारी आहे, म्हणून त्याने केलेला हा करार कंपनीवर बंधनकारक आहे, असं न्यायालय म्हणालं. मधल्या 84 वर्षांत सेक्रेटरींनी स्वतःची संस्था काढली होती (1891), तिला राजसनद मिळवली होती (1902), आणि आपापसात कामाचे दंडक ठरवत आणले होते. न्यायालयाने 1971 मध्ये जे मान्य केलं ते व्यवसायाने आधीच घडवलेलं होतं.

आपल्याकडे ही वाटचाल उशिरा सुरू झाली. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत 1970 मध्ये बंद होईपर्यंत अनेक मोठ्या कंपन्यांचा खरा कारभार एजंटांच्या पेढीत चाले. इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडिया 1968 मध्ये स्थापन झाली आणि 1980 च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. तिच्या शाखा आणि शहरोशहरची अभ्यासमंडळं, बेलापूरचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र, या सगळ्यांतून सेक्रेटरींची एक पिढी एकमेकांकडून शिकली. रविवारी सकाळी कुणीतरी नव्या तरतुदीवर टिपण वाचायचं, मग चहा, आणि चहाच्या वेळी खरी चर्चा. टिपणापेक्षा त्या चर्चेतून अधिक शिकायला मिळालं, असं सांगणारे अनेक ज्येष्ठ आजही भेटतात, आणि मला ते पूर्ण खरं वाटतं.

कॉर्पोरेट गव्हर्नन्स हा शब्दप्रयोग जगभर रुळला तो 1992 च्या कॅडबरी अहवालाने. मॅक्सवेल, बीसीसीआय, पॉली पेक यांच्या पडझडीने लंडन हादरलेलं असताना आलेल्या त्या अहवालाची रीत सोपी होती: संहिता पाळा, नाही पाळली तर का ते सांगा. अमेरिकेने एन्रॉननंतर 2002 मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा करून नेमका उलटा, सक्तीचा मार्ग धरला. भारतात दोन्ही प्रवाह मिसळले. राहुल बजाज यांच्या अध्यक्षतेखालच्या, सीआयआय या उद्योगसंघटनेच्या गटाने 1998 मध्ये ऐच्छिक संहिता काढली. उद्योगपतींनी उद्योगपतींसाठी लिहिलेली. पुढे कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून बाजार नियामक सेबीने 2000 मध्ये लिस्टिंग करारात 49 वं कलम आणलं, आणि ऐच्छिकाची सक्ती झाली. नारायण मूर्ती समिती, 2013 चा कंपनी कायदा, 2015 चे लिस्टिंग विनियम, 2017 ची कोटक समिती हे त्यापुढचे टप्पे. त्यांचा तपशील इतरत्र भरपूर मिळतो, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायला हवं ते सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीपाशी. 7 जानेवारी 2009 ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशोबातल्या घोटाळ्याची कबुली देणारं पत्र लिहिलं. त्याआधीच्याच वर्षी या कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठीचा पुरस्कार मिळालेला होता. तिच्या संचालक मंडळावर हार्वर्डमध्ये शिकवणारे प्राध्यापक होते, नामांकित व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाता होते, केंद्र सरकारचे माजी कॅबिनेट सचिव होते. समित्या होत्या, बैठका होत होत्या, अहवाल वेळेवर छापले जात होते. बाकीच्या कंपन्या जे जे करत होत्या ते सगळं सत्यमही करत होती. या पुस्तकाच्या दृष्टीने सत्यमचा धडा इथे आहे: ‘सगळे असंच करतात’ हे वाक्य कुणालाही वाचवत नाही.

एकमेकांकडून शिकण्याविषयी अभ्यासकांनी काय म्हटलं आहे, तेही थोडं पाहू. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 च्या पुस्तकात लायबेरियातले शिंपी, युकातानमधल्या सुईणी, अमेरिकी नौदलातले दिशादर्शक यांचा दाखला देऊन मांडलं की माणूस कसब शिकतो तो आधी काठावरून, हलकी कामं करत, आणि हळूहळू त्या समूहाच्या मध्याकडे सरकत. आपल्याकडचा ट्रेनी सेक्रेटरी असाच शिकतो. सुरुवातीला हजेरीवहीवर सह्या घेतो, मग नोटिसा पाठवतो, पुढे कच्चं इतिवृत्त लिहितो, आणि एक दिवस बैठकीत त्याला बोलावं लागतं. ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या यंत्र दुरुस्त करणाऱ्यांचा अभ्यास केला (त्यांचं पुस्तक 1996 चं). त्यांना दिसलं की कंपनीने दिलेल्या माहितीपुस्तिकेपेक्षा हे तंत्रज्ञ जेवणाच्या वेळी एकमेकांना सांगत असलेल्या बिघाडांच्या गोष्टी जास्त उपयोगी पडत. माहितीपुस्तिकेत नसलेला बिघाड गोष्टीतूनच पुढे सरकतो.

दुसरी विचारधारा समाजशास्त्रातली आहे, आणि ती अधिक अस्वस्थ करते. जेराल्ड डेव्हिस आणि हेन्रिक ग्रीव्ह यांनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1980 च्या दशकात कंपनी बळकावण्याचे प्रयत्न वाढले, तेव्हा दोन गोष्टी पसरल्या. एक पॉयझन पिल, म्हणजे बळकावणाऱ्याला खरेदी परवडूच नये अशी भागभांडवलातली तरतूद. दुसरी गोल्डन पॅराशूट, म्हणजे ताबा गेलाच तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळणारी घसघशीत रक्कम. पहिली झपाट्याने पसरली, आणि पसरली ती सामाईक संचालकांमार्फत. एका मंडळावर तिचा अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्या मंडळावर जाऊन बसे. दुसरी सावकाश, एकाच शहरातल्या कंपन्यांमध्ये शेजाराने पसरली. म्हणजे कोणती गोष्ट कुणाकडून शिकली जाते याचेही मार्ग ठरलेले असतात. आणि पसरलेली गोष्ट भागधारकांच्या हिताची होती की नाही, हा प्रश्न त्या मार्गांना पडत नाही. चांगला प्रघात ज्या रस्त्याने येतो त्याच रस्त्याने वाईटही येतो. सहव्यावसायिकांकडून शिकण्याचं नुसतं कौतुक करणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर विचारात घ्यावा.

आपल्याकडे आपसातला प्रघात पसरून नियम बनण्याचं लख्ख उदाहरण म्हणजे सचिवीय मानकं. इन्स्टिट्यूटने 2000 मध्ये त्यासाठी मंडळ नेमलं आणि संचालक मंडळाच्या बैठका व सर्वसाधारण सभा यांविषयी चांगल्या कंपन्यांत जे प्रघात होते ते गोळा करून लिहून काढले. बरीच वर्षं ती मानकं केवळ शिफारस होती. 2013 च्या कायद्याच्या 118 व्या कलमाने त्यांना बळ दिलं, आणि 1 जुलै 2015 पासून ती बंधनकारक झाली. इतिवृत्ताचा मसुदा 15 दिवसांत सर्व संचालकांकडे पाठवायचा, त्यांनी 7 दिवसांत सूचना द्यायच्या, 30 दिवसांत नोंदवहीत उतरवायचं, हे आज नियम आहेत. सेबीने अलीकडे हीच रीत उचलली. बातमीत आलेल्या अफवेचा खुलासा करण्याची सक्ती 2024 मध्ये आधी पहिल्या 100 आणि मग पहिल्या 250 सूचीबद्ध कंपन्यांना लागू झाली, तेव्हा अंमलबजावणीचे मानदंड उद्योगसंघटनांच्या मंचाने बसून तयार केले. आपसातली चर्चा आता नियमांच्या यंत्रणेचाच भाग बनली आहे. ती कुठल्या दर्जाची आहे याची काळजी म्हणूनच वाढायला हवी.

हे सगळं आत्ताच का, याचं उत्तर घड्याळात आहे. संचालक मंडळाच्या बैठकीतले महत्त्वाचे निर्णय 30 मिनिटांत शेअर बाजाराला कळवायचे (बाजार बंद झाल्यावर बैठक संपली तर आता तीन तास मिळतात). कंपनीच्या आत घडलेल्या घटना 12 तासांत, बाहेरून उद्भवलेल्या 24 तासांत. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे 6 तासांत कळवायचं. आता शुक्रवारी रात्री 11 चा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. सर्व्हर बंद पडले आहेत. आयटी प्रमुख म्हणतो, हल्ला असावा, खात्री नाही. व्यवस्थापकीय संचालक विमानात आहेत. घड्याळ नेमकं केव्हा सुरू झालं? शंका आली तेव्हा, की खात्री पटली तेव्हा? बाजाराला काय कळवायचं, आणि कळवताना हल्लेखोराला आयती माहिती मिळणार नाही याची काळजी कशी घ्यायची? आणि ज्यांना ज्यांना हे आतापर्यंत कळलं, त्या बाहेरच्या तज्ज्ञासकट सगळ्यांची नावं अप्रकाशित माहितीच्या डिजिटल नोंदवहीत वेळेसह चढवली का? त्या रात्री अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीची वाट पाहता येत नाही. शिकणं आधीच झालेलं असावं लागतं.

हवामानाचे आणि सामाजिक जबाबदारीचे अहवाल, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा, बोर्डाच्या कामात शिरलेली कृत्रिम बुद्धिमत्ता, यांचंही तसंच. बैठकीचं संभाषण ऐकून आपोआप टिपण तयार करणारी साधनं संचालकांच्या लॅपटॉपवर आलीसुद्धा. ते टिपण कुणाचं, ते किती काळ ठेवायचं, सही झालेल्या इतिवृत्ताशी ते जुळलं नाही तर चौकशीत कशाला महत्त्व मिळेल, यावर आज कुणाकडेच पक्कं उत्तर नाही.

विचारायचं मात्र जपून. ज्याला सूचीबद्ध कंपनीतली अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती आहे, त्याने ती मित्राला अडचण सांगण्याच्या ओघातही सांगायची नाही. 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग विनियमांत मैत्रीला सवलत नाही. चॅटम हाउसचा 1927 पासूनचा नियम, म्हणजे ऐकलेलं वापरा पण कोण म्हणालं ते सांगू नका, इथे पुरत नाही, कारण एकाच क्षेत्रात चार कंपन्या असतील तर नाव न घेताही ओळख पटते. अनुभवी मंडळी म्हणून प्रसंगाचा सांगाडा तेवढा सांगतात: आकडा नाही, क्षेत्र नाही, चालू प्रकरण तर नाहीच. हे कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं. सेबीच्या 2003 पासूनच्या अनौपचारिक मार्गदर्शन योजनेचा उपयोगही अजून पुरेसा होत नाही. एका कंपनीने विचारलेला प्रश्न आणि सेबीचं उत्तर तिथे सर्वांसाठी प्रसिद्ध होतं.

माझा आग्रह एका गोष्टीसाठी आहे. सहकाऱ्याला फोन केला की आपण बहुतेक वेळा नमुना मागतो: तुमचा ठराव पाठवता का, धोरणाचा मसुदा आहे का. मसुदा येतो, कंपनीचं नाव बदलतं, बोर्डापुढे जातो. वार्षिक अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचा. जोखमीविषयीचे परिच्छेद शब्दशः सारखे असलेल्या कंपन्या सहज सापडतील, एक सिमेंटची आणि दुसरी औषधांची असली तरी. नमुना उसना घेता येतो, त्यामागचा विचार घेता येत नाही. विचारायला हवं ते असं: हा मार्ग का निवडलात, दुसरा कोणता विचारात घेऊन सोडलात, कोणत्या संचालकाने कोणती हरकत घेतली, आणि आज पुन्हा करायचं तर काय वेगळं कराल? या प्रश्नांना उत्तर द्यायला सांगणाऱ्यालाही धीर लागतो. आपल्या व्यवसायात यशाची भाषणं पुष्कळ होतात. ठराव फसला, हरकत नोंदवायची राहिली, संबंधित पक्षाचा व्यवहार वेळेत ओळखता आला नाही, हे सांगणारी माणसं थोडी, आणि खरं शिक्षण त्यांच्याकडे आहे.

या संग्रहाने तेच मागितलं. लिहिणाऱ्यांना संपादकांनी धोरणांचे मसुदे मागितले नाहीत. एक निर्णय आणि त्याच्या आधीची घालमेल मागितली. त्यामुळे इथे काही लेख एकमेकांशी थेट भिडतात. स्वतंत्र संचालकाचा विरोध इतिवृत्तात किती सविस्तर लिहावा यावर दोघा ज्येष्ठांची मतं अगदी उलट आहेत, आणि ती तशीच ठेवली आहेत. नव्या वाचकाने दोन्ही वाचावीत आणि आपल्या कंपनीची रीत कोणत्या बाजूला झुकते ते तपासावं. कायद्याचं पाठ्यपुस्तक म्हणून हा ग्रंथ वाचू नये. विनियम दरवर्षी बदलतात, इथले काही आकडेही बदलतील.

हा संग्रह मराठीत का, असं काहींनी विचारलं. कागद इंग्रजीत असले तरी पुणे, नाशिक, कोल्हापूर, पणजीच्या बोर्डरूमबाहेरचं बोलणं मराठीतच होतं, आणि अडचण माणूस ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत ती जास्त खरेपणाने लिहितो. प्रवर्तकाच्या धाकट्या भावाला ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंग इंग्रजीत लिहिला की त्यातला अर्धा ताण नाहीसा होतो.

एक उणीव सांगायलाच हवी. महाराष्ट्रातल्या सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने इथे जवळजवळ नाहीत. 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांच्या ज्या रांगा लागल्या, त्यामागे कारभाराचेच प्रश्न होते. 2020 च्या दुरुस्तीने नागरी सहकारी बँकांवरचं रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण वाढलं. सहकारी संस्थांच्या संचालकांना आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आपापसात मोकळेपणी बोलण्याची जागा सूचीबद्ध कंपन्यांतल्या लोकांहून कितीतरी कमी आहे. तालुक्यातल्या राजकारणात आपली चूक बोलून दाखवणं महागात पडतं, आणि संपादकांनी विचारलेल्यांपैकी बहुतेकांनी याच कारणाने नकार दिला. दुसरा खंड त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. नाव आणि गाव न छापता लिहायची ज्यांची तयारी असेल त्यांनी प्रकाशकांकडे कळवावं.